नऊ घरांची चिन्हं

शिरूरच्या कॉलेजात मी गणित शिकवायला लागलो ते दुष्काळाचं वर्ष होतं. घोड नदीच्या वाळूत झिरे खणून बायका वाटीवाटीनं हंडे भरायच्या आणि मी वरच्या रस्त्यानं नवे बूट वाजवत कॉलेजात जायचो. दौंडच्या आमच्या वस्तीतला मी पहिला एम.एस्सी. आबा, म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या लोको शेडमध्ये खलाशी होते. विहारात माझा सत्कार झाला तेव्हा त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं, तर ते माईकसमोर नुसते हात जोडून उभे राहिले आणि खाली उतरले.

स्टाफरूममध्ये माझ्याशी कुणी वाईट वागत नव्हतं. पण एकदा मी दाराबाहेर असताना आत कुणीतरी म्हणालं, "राखीव जागा होती म्हणून, नाहीतर." पुढं वाक्य पूर्ण केलं नाही. मी आत गेलो, चहा घेतला, आणि त्या दिवशी ठरवलं की आपण एक प्रमेय सिद्ध करायचं. प्रमेय खरं असतं किंवा खोटं असतं, ते कुणाच्या शिफारशीवर उभं राहत नाही. ते एकदा आपल्या नावावर छापून आलं की ते वाक्य पूर्ण करायची कुणाची हिंमत होणार नाही, असं मला वाटायचं. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो.

पुण्यात मला एक वयस्कर प्राध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळाले. त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं, "आपल्याकडे परदेशी मासिकं उशिरा येतात, यंत्रं नाहीत. तेव्हा कागद-पेन्सिलवर होईल असा विषय घ्या." आणि त्यांनी मला निश्चयक दिला. आम्ही सगळे डिटरमिनंटच म्हणायचो, पण आबांना सांगताना मी पुस्तकातला मराठी शब्द वापरत असे.

विषय समजायला अवघड नाही. तीन ओळी आणि तीन रकाने, म्हणजे नऊ घरं, आणि प्रत्येक घरात एक आकडा. प्रत्येक ओळीतून एक आकडा उचलायचा, पण कुठलाही रकाना दोनदा येऊ द्यायचा नाही. उचललेल्या तिघांचा गुणाकार करायचा. असे सहा गुणाकार होतात. त्यातले ठरावीक तीन अधिक आणि उरलेले तीन उणे धरून बेरीज केली की निश्चयक मिळतो. सगळेच्या सगळे अधिक धरले, तर जे मिळतं त्याला पर्मनंट म्हणतात. आणि अधिक-उणे देण्याचे आणखी वेगळे नियम घेतले तर या दोघांची सगळी भावकीच तयार होते.

या भावकीत निश्चयक एकटाच गुणी. एका ओळीची पट दुसऱ्या ओळीत मिळवली तरी त्याची किंमत हलत नाही, म्हणून दहा ओळींचा निश्चयकसुद्धा तासाभरात हातानं काढता येतो. पर्मनंट दिसायला साधा, पण त्याला असली एकही सवलत नाही. दहा ओळी असल्या तर छत्तीस लाखांच्या वर गुणाकार एकेक करून बघावे लागतात. म्हणून प्रश्न असा पडतो की घरातल्या काही आकड्यांची चिन्हं बदलून या बाकीच्या भावंडांना निश्चयकाचं रूप देता येईल का? दोन ओळींच्या पर्मनंटला देता येतं. तीनपासून पुढं देता येत नाही, हे फार पूर्वी कुणीतरी दाखवलेलं होतं. सरांनी नियमांचं एक मोठं घराणं आखून दिलं आणि म्हणाले, यातल्या एकालाही देता येत नाही असं मला वाटतं, तुम्ही सिद्ध करा.

आबांना मी यातलं फक्त एवढंच सांगितलं की मी पर्मनंटवर काम करतोय. त्यांनी वस्तीभर पेढे वाटले. मुलगा पर्मनंट झाला. त्यांना खरं सांगायला मला दोन महिने लागले. तेव्हा ते म्हणाले, "मग ते कवा हुनार?" मी म्हणालो, होईल.

पुढं दोनेक वर्षांनी माझं लग्न झालं. ती बी.एस्सी. झालेली होती, पुण्यात सरकारी वसतिगृहात राहून. मांडवगण फराट्याच्या हायस्कूलात आठवी ते दहावीला बीजगणित शिकवायची. तिथंच एक खोली घेऊन राहायची आणि शनिवारी अर्धी शाळा सुटली की एस.टी.नं शिरूरला यायची, सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत. तिचं अक्षर असं होतं की तालुक्याच्या प्रदर्शनातले तक्ते तिच्याकडूनच लिहून घेत. शाळेत टिकायचं तर तिला बी.एड. करणं भाग होतं. हेडमास्तरांनी तीन वर्षांची मुदत दिली होती. लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात तिला पुण्यात प्रवेश मिळाला.

नेमकी तेव्हाच माझी सिद्धता पूर्ण व्हायला आली होती. चार वर्षं मी ती रचत होतो. घराण्यातला एकेक नियम घ्यायचा, त्याचे पोटप्रकार पाडायचे, प्रत्येक पोटप्रकारात चिन्हं का जमत नाहीत ते दाखवायचं. चौसष्ट पानं झाली. सर म्हणाले, परदेशी मासिकाला पाठवू, पण व्यवस्थित टाइप करून पाठवा. पुण्यातल्या टायपिस्टकडं इंग्रजी अक्षरं होती, गणिताची चिन्हं नव्हती. तो प्रत्येक चिन्हाच्या जागी मोकळी जागा सोडायचा. चौसष्ट पानं, तीन प्रती, आणि पानावर कुठं तीस तर कुठं साठ मोकळ्या जागा. त्या हातानं, काळ्या शाईनं, एकसारख्या भरायच्या.

माझं अक्षर वाईट. मी तिला म्हणालो, बी.एड. एक वर्ष पुढं ढकललंस तर? तिनं विचारलं, जागा पुन्हा मिळेल का. मी म्हणालो, मिळेल की. मला काहीही माहीत नव्हतं. तिनं नकाराचं पत्र माझ्यासमोर लिहिलं आणि पोस्टात टाकायला माझ्याचकडं दिलं.

मग दर शनिवार-रविवार ती पाटावर बसून चिन्हं भरायची, उरलेली काही पानं मांडवगणलाही घेऊन जायची. मी शेजारी पुढची पानं तपासायचो. ती काम करताना बोलत नसे. एका रविवारी दुपारी मात्र तिनं टाक खाली ठेवला. तिच्यासमोर नवव्या पानावरचं तीन ओळींचं उदाहरण होतं, त्यात सहाही गुणाकार लिहून दाखवलेले होते.

"अहो, हे बघा," ती म्हणाली. "हे अधिकचे तीन गुणाकार. यांत नऊच्या नऊ घरं एकेकदा येतात. आणि हे उणेचे तीन. यांतही तीच नऊ घरं एकेकदा. मग तिन्ही अधिकांची चिन्हं एकमेकांत गुणली काय आणि तिन्ही उण्यांची गुणली काय, उत्तर एकच यायला पाहिजे ना?"

मी म्हणालो, हो, मग?

"मग एका बाजूला अधिक आणि दुसऱ्या बाजूला उणे कसं येईल? पर्मनंटचा डिटरमिनंट व्हायला तर तेच लागतं. म्हणजे नाहीच जमणार. त्याला इतकी पानं कशाला लागतात?"

मला आजही ती दुपार जशीच्या तशी आठवते. मी त्या पानाकडं पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यात चाळिसाव्या पानावरचा एक पोटप्रकार होता. मी म्हणालो, तीन ओळींचं सोपंच असतं, खरी अडचण पुढं आहे, आणि हे नुसतं पर्मनंटचं नाही, सगळ्या घराण्याचं आहे. ती म्हणाली, पण घराण्यालाही हेच लावून बघितलं तर?

"तू चिन्हं भर," मी म्हणालो.

ओरडून म्हणालो नाही, साधंच म्हणालो. तिनं टाक उचलला आणि पुढचं पान घेतलं.

पावसाळा संपता संपता काम झालं. मी स्वतः पुण्याला जाऊन पाकीट विमान टपालानं पाठवलं. त्यानंतर चौदा महिने काही आलं नाही. या चौदा महिन्यांत तिनं बी.एड.ला पुन्हा अर्ज केला, तेव्हा तिला जागा मिळाली नाही. शाळेची मुदत संपली होती. जूनमध्ये बी.एड. झालेला एक शिक्षक रुजू झाला. हेडमास्तरांनी तिला बोलावून चांगल्या शब्दांत सांगितलं, नियमापुढं त्यांचाही इलाज नव्हता. ती खोलीतला स्टोव्ह, दोन पातेली आणि बिछाना घेऊन शिरूरला आली. मी तिला म्हणालो, माझा पेपर छापून आला की सगळं बदलेल. ती हो म्हणाली.

पत्र डिसेंबरमध्ये आलं. शिपायानं ते वर्गातच आणून दिलं. मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला निश्चयकाचेच गुणधर्म शिकवत होतो. तास संपेपर्यंत मी पाकीट फोडलं नाही, टेबलावर ठेवून शिकवत राहिलो, आणि मला आठवतं की त्या दिवशी मी फार चांगलं शिकवलं.

संपादकानं दोन ओळींत खेद कळवला होता. सोबत परीक्षकाचा अभिप्राय होता, अर्ध्या पानाचा. लेखकाचा निष्कर्ष बरोबर आहे, त्यानं लिहिलं होतं. परंतु तो एका साध्या निरीक्षणातून लगेच निघतो. कुठल्याही तीन ओळी आणि तीन रकाने घ्या. अधिक गटातल्या तीन गुणाकारांत प्रत्येक घर एकदा येतं आणि उणे गटातल्या तीन गुणाकारांतही एकदाच. पुढं चार ओळींत त्यानं ते सगळ्या घराण्याला लावून दाखवलं होतं. शेवटी लिहिलं होतं, एवढ्या लांबीचं प्रयोजन कळत नाही.

मी ते स्टाफरूमच्या बाहेर, सायकलींच्या शेडमध्ये उभं राहून वाचलं. पहिल्यांदा वाचताना मला फक्त इतकंच वाटलं की हे मी कुठंतरी ऐकलंय. कुठं, ते आठवायला थोडा वेळ गेला. आठवलं तेव्हा मी खाली बसलो. कुणाची तरी सायकल माझ्या अंगावर पडली आणि ती उचलायचंही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याला जाऊन मी पत्र सरांना दाखवलं. त्यांनी चष्मा बदलून ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "माझ्याही लक्षात यायला हवं होतं." त्यांच्यावर रागावावं असं मला वाटलं, पण ते इतके थकलेले दिसत होते की ते जमलं नाही. नवीन प्रश्न घेऊ, म्हणाले. मी बरं म्हणून निघालो. पुढच्या वर्षी ते निवृत्त होऊन मुलाकडं राहायला गेले आणि पीएच.डी.च्या रजिस्टरवरून माझं नाव आपोआप कमी झालं.

घरी मी काही सांगितलं नाही. पत्र मी ट्रंकेत, माझ्या प्रमाणपत्रांच्या खाली ठेवलं. ती रोज विचारायची नाही, पण पोस्टमन दिसला की हातातलं काम थांबवायची. ते बघणं मला सहन होत नव्हतं आणि तरी मी सांगत नव्हतो. असा दीड महिना गेला. एका सकाळी तिला स्वतःचं डिग्री सर्टिफिकेट हवं होतं, कुठल्याशा नोकरीच्या अर्जाला. मी आंघोळीहून आलो तर ती ट्रंकेसमोर बसलेली, मांडीवर तो अर्धा कागद.

"दीड महिना झाला या पत्राला," ती म्हणाली.

तिनं कागदाची घडी जशी होती तशीच घातली. मग अगदी नेहमीच्या आवाजात म्हणाली, "मी हे तेव्हा करून बघितलं होतं. मांडवगणला. आधी पर्मनंटचं, मग घराण्याचंही. वहीचं दीड पान झालं."

"मग मला दाखवलं का नाहीस?"

"आणली होती वही. पुढच्या शनिवारी. तुम्ही दारातच विचारलंत, किती पानं भरून आणलीस."

मला ते आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. पण मी तसं म्हणालो असेन, याबद्दल मला शंका नाही.

वही कुठं आहे विचारलं तर ती म्हणाली, शाळेत राहिली असेल, कपाटात. आणि अर्ज भरायला बसली.

मी त्याच आठवड्यात मांडवगणला गेलो. तिला न सांगता. गेलो कशासाठी, ते मला नीट सांगता येणार नाही. ते दीड पान मिळालं तर मी ते तिच्या नावानं कुठंतरी पाठवीन, असं काहीतरी मनात होतं. ते आता कुठं छापलं जाणार नव्हतं हे मला पक्कं ठाऊक होतं. एस.टी.त दोन तास मी त्या वहीचा रंग कसा असेल याचा विचार करत बसलो.

शाळेचा शिपाई म्हातारा होता. मला ओळखून त्यानं बाकावर बसवलं, पाणी दिलं.

"बाईंच्या वह्या व्हय?" तो म्हणाला. "त्या कवाच गेल्या की. कपाटाला वाळवी लागली व्हती, आन् मास्तरांनी समदं जाळाय सांगितलं. म्याच जाळलं."

मी म्हणालो, काही हरकत नाही मामा.

"बाई परत येनार हायती का? पोरं इचारत्यात अजून."

समोरच्या वर्गात तो नवा शिक्षक शिकवत होता. आवाज खणखणीत होता. फळ्यावरची गणितं बरोबर होती. मी खिडकीतून थोडा वेळ बघितलं. पुढच्या बाकावरच्या दोन मुली माना खाली घालून लिहीत होत्या आणि फळ्याच्या वर भिंतीवर तिच्या अक्षरातला सूत्रांचा तक्ता तसाच लटकत होता. मी तो मागून घ्यावा असं क्षणभर मनात आलं. मग मला स्वतःचीच शिसारी आली. मी परतीच्या गाडीची वाट बघत स्टँडवर तीन तास बसलो.

तिला दौंडला पंचायत समितीच्या ऑफिसात कारकुनाची नोकरी लागली. जन्म-मृत्यूचं रजिस्टर लिहायचं. अक्षर बघूनच घेतलं, असं साहेबांनी सांगितलं म्हणे. ती आबांजवळ राहायला गेली आणि आता शनिवारी गाडी पकडायची पाळी माझी आली. आबांना ती पत्राबद्दल काही बोलली नाही. मीच एकदा सांगितलं की पेपर नापास झाला. त्यांना वाटलं परीक्षेचा पेपर, आणि त्यांनी पुन्हा बसायला सांगितलं. कॉलेजात मी पुढं पर्मनंट झालो, कुणालाही होता येतं तसा, वर्षं भरल्यावर. आबांना सांगितलं तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली. पेढे त्यांनी या वेळी आणले नाहीत.

ती माझ्याशी कधी वाईट वागली नाही. भांडलीही नाही. भांडावं म्हणून मी एकदोनदा मुद्दाम विषय काढला, पण ती दुसऱ्या कशाबद्दल तरी बोलायला लागायची, नळाचं पाणी, आबांचा खोकला. मुलगी झाली. मुलगी बेरीज-वजाबाकी शिकायला लागली, तेव्हा पाटी घेऊन आईकडं गेली तर आई म्हणायची, शनिवारी विचार, बाबा येतील तेव्हा. शेजारची मुलं दहावीचं बीजगणित विचारायला आली, त्यांनाही तिनं येत नाही म्हणून सांगितलं. मी पलीकडच्या खोलीत होतो. तिनं ते मला ऐकू जावं म्हणून सांगितलेलं नव्हतं.

एका रविवारी मी धीर केला. पुण्याहून एक प्रश्न आणला होता, त्याच भावकीतला, छोटासा. मी म्हणालो, आपण दोघं मिळून बघू या का? नावं दोघांची घालू. तुझं आधी.

तिनं कागद हातात घेतला. डोळे ओळीवरून ओळीवर गेले, नुसतं बघणाऱ्याचे जातात तसे नाही. मला वाटलं, ती वाचतेय. एका ठिकाणी ती थांबली, थोडी मागं गेली आणि पुन्हा पुढं आली.

मग तिनं कागद मला परत दिला. "मला आता यातलं काही आठवत नाही," ती म्हणाली.

ते खरं होतं का, हे मी विचारलं नाही. खरं असेल तर ते माझ्यामुळं होतं आणि खोटं असेल तरीही माझ्यामुळंच. मी कागद खिशात घातला. आबा बाहेर खाटेवर बसून मुलीला रेल्वेच्या सिग्नलचे रंग शिकवत होते. चारची गाडी गाठायची होती, म्हणून मी चपला घातल्या आणि निघालो.